सोळा अंताकिया

परदेशच्या सहली लावून देणाऱ्या बाईला लोक हटकून एक प्रश्न विचारतात, "मग तुम्ही स्वतः किती देश पाहिलेत?" मी तीन पाहिले, आणि त्यातला एक नेपाळ आहे. बाकीचं जग मी झाशीच्या सदर बाजारात, एका औषधाच्या दुकानाच्या माडीवर बसून, टेलिफोनवरून चालवलं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते याला. अठ्ठावीस वर्षं हाकल्या, आणि वाट चुकली तरी हरवली एकही नाही, असं मी निवृत्तीच्या चहापानाला सगळ्यांसमोर छाती काढून सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. जे सांगायचं राहिलं ते आता लिहिते आहे.

आधी एक कबुली. आमचं घर सात पिढ्या झाशीत आहे. सैपाकघरात मराठी, आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की हिंदी नाहीतर बुंदेली. त्यामुळे माझ्या मराठीत मधेच एखादा 'भैया' डोकावला तर पुण्याकडच्या वाचकांनी नाक मुरडू नये. अठ्ठावीस वर्षं मला दीदी, बाईजी आणि आंटी म्हणणाऱ्यांतच गेली.

बाहेरच्यांना वाटतं, यात काय एवढं? तिकीट काढलं, व्हिसाचा फॉर्म भरला, संपलं. तिकीट कोणीही काढतं. आमचा खरा माल म्हणजे व्हाउचर नावाचा कागद. कोणत्या तारखेला, कोणत्या गावी, कोणत्या हॉटेलात मुक्काम, आणि तिथं न्यायला गाडी कोणाची, एवढंच त्यावर असतं. पण ज्याला तिथली भाषा येत नाही, ज्याच्या फोनला रेंज नाही, अशा माणसाच्या हातात परक्या मुलखात तेवढाच कागद असतो. त्यावरचं एक अक्षर माझ्याकडून चुकलं, तर तो रात्री रस्त्यावर उभा राहणार.

म्हणून मी या धंद्यात एक गोष्ट मन लावून केली. भीती बाळगली. मन चिंती ते वैरी न चिंती, असं झालं होतं माझं. प्रवाशांचं विमान सुटलं की ते परत झाशी स्टेशनवर उतरेपर्यंत मला चैन पडायचं नाही. जेवताना घास हातात धरून मी घड्याळाकडे बघायची. आमचे हे म्हणायचे, "पगार तिकिटांचा घेतेस आणि काळज्या फुकटात करतेस." ऑफिसचे मालक साहूजी मात्र खूश असत. अशी घाबरट बाई टेबलावर असली की मालकाला झोप चांगली लागते.

माझ्या भीतीचं मोठं कारण होतं गावांची नावं. हे मला शिकवलं मोठच्या एका बियाण्याच्या व्यापाऱ्याने. मोठ म्हणजे आमच्या कानपूर रस्त्यावरची बाजारपेठ. हा गृहस्थ एके दिवशी जिना चढून आला आणि म्हणाला, "काए बाईजी, सिकंदर कौ शहर देखने है. कितै है?" मी नकाशा काढला, तर सिकंदराच्या नावाची गावं इजिप्तपासून अफगाणिस्तानापर्यंत पसरलेली. जिथे फौज थांबली तिथे आपल्या नावाचं एक शहर, असा त्याचा खाक्या. मी सगळ्यांत प्रसिद्ध म्हणून इजिप्तमधलं धरलं आणि याला पाठवलं. परत आला तो तोंड पाडून. "न सिकंदर मिले, न उनकी कबर मिली. समंदर भर हतो." त्याला समुद्र दाखवला हे काही थोडं नव्हतं, पण मला रुखरुख लागली. आपण ज्या नावाचा कागद देतो ते गाव कोणतं, हे आपल्यालाच धड ठाऊक नाही, हे त्या दिवशी कळलं.

तरीही शहाणपण यायला एक मोठा झटका लागला.

सिव्हिल लाइन्समध्ये दोघी बहिणी राहायच्या, दोघी निवृत्त शिक्षिका, दोघी पापभीरू ख्रिस्ती. बायबलातला संत पौल ज्या बंदरातून पहिल्यांदा समुद्रपार निघाला, ते सेल्युकिया बंदर त्यांना बघायचं होतं. ते आज तुर्कस्तानच्या अगदी दक्षिण टोकाला, अंताकिया शहराजवळ आहे. मी व्हाउचरवर ऐटीत लिहिलं: विमानतळावरून सेल्युकिया, तिथून अंताकियाला मुक्काम. विमानतळावरच्या टॅक्सीवाल्याने कागद वाचला आणि गाडी उलट्या दिशेला, पश्चिमेकडे काढली. कारण तिकडेही एक सेल्युकिया होतं, तितकंच जुनं. चार तासांनी मला फोन आला तो थोरल्या बहिणीचा. टॅक्सीवाल्याची पाळी संपली होती. एका चहाच्या दुकानासमोर सामानासकट उतरवून तो निघून गेला होता. "बेटा, यहाँ तो समंदर का बंदरगाह कोई जानता ही नहीं. अँधेरा हो रहा है," एवढं बोलल्या आणि फोन कट झाला.

दोघी सत्तरीच्या, धाकटीला रक्तदाबाच्या गोळ्या. मी अंताकियाच्या हॉटेलात फोन लावला. तिथल्या काउंटरवरच्या माणसाने माझं मोडकंतोडकं इंग्रजी त्याच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुम्ही रडू नका. मी जातो." त्याचं ते काम नव्हतं. स्वतःची गाडी काढून पाच तास जाऊन, त्या दोघींना गरम सूप पाजून, पाच तास परत घेऊन आला. सकाळी बहिणींचा फोन आला तेव्हा मी टेबलावर डोकं ठेवून रडले.

त्या माणसाचं नाव युसुफ.

त्या दिवसापासून युसुफ तिकडचा आमचा माणूस झाला. हॉटेलची नोकरी त्याने सोडली नाही, पण त्या भागातल्या माझ्या प्रत्येक प्रवाशाकडे तो बघायचा. मला आबला म्हणायचा. त्यांच्याकडे थोरल्या बहिणीला आबला म्हणतात. मी त्याला युसुफभैया म्हणायची, ते त्याला फार आवडायचं. आणि त्याच दिवशी मी माझ्या धंद्यात एक नियम केला. प्रवासी कितीही उशिरा पोचो, नवीन गावात त्याच्यासमोर आपला माणूस उभा पाहिजे. गाडीवाला नाही, हॉटेलचा कोणी अनोळखी पोऱ्या नाही. आपला माणूस. झाशीतली दुसरी ऑफिसं माझ्या या नियमाला हसायची. मोठ्या कंपन्यासुद्धा असं करत नाहीत, म्हणायची. मी म्हणायची, म्हणूनच लोक माझ्याकडे येतात. मला या नियमाचा फार गर्व होता, हे इथे सांगून ठेवते.

एकाच नावाची इतकी गावं कशी, हे मी युसुफला विचारलं. त्याने फोनवर आवाजाचे लांबलचक निरोप पाठवून मला शिकवलं. सेल्युकस आपल्याला शाळेच्या पुस्तकापुरता माहीत, चंद्रगुप्त मौर्याशी तह करून हत्ती घेऊन गेलेला. हा सिकंदराचा सेनापती. सिकंदर मेल्यावर त्याने मोठं राज्य मिळवलं आणि शहरांमागून शहरं वसवली. नावं काय द्यायची? बापाचं नाव अँटिओकस, म्हणून अंताकिया. आईचं नाव लाओदिके, म्हणून लाओदिकिया. बायको अपामा, तिकडे पूर्वेकडची, म्हणून अपामिया. आणि स्वतःच्या नावाची सेल्युकिया. एकेक करून थांबला असता तर माझ्या प्रवाशांची फरफट झाली नसती. पण त्याने वडिलांच्या नावाची सोळा शहरं वसवली, असं एक जुना इतिहासकार सांगतो. वर मुलगा आणि नातू यांनी तोच कित्ता गिरवला.

हे ऐकून मला हसूच आलं. आमच्या घरात काय वेगळं आहे? नातवाला आजोबांचं नाव. पाच चुलतभावांच्या घरात पाच गंगाधर. हाक मारली की पाच खिडक्या उघडतात. त्या घराण्यातही तसंच, सेल्युकसचा मुलगा अँटिओकस, पुढे नातवंडांत परत सेल्युकस. तुर्कस्तानात आणखी एक लाओदिकिया आहे, ती सेल्युकसच्या आईची नाही. ती त्याच्या नातसुनेची. नातवाने बायकोच्या कौतुकाने शहराला तिचं नाव दिलं, आणि पुढे इजिप्तच्या राजकन्येशी लग्न करायला तिलाच टाकलं. मग म्हणे तिने त्याला विष घातलं. शहराचं नाव मात्र तसंच राहिलं. ही गोष्ट मी प्रवाशांना सांगायची तेव्हा बायका पदर तोंडाला लावून हसायच्या.

कारण मी आता गोष्टी सांगू लागले होते. जित्याची खोड. सहल ठरली की प्रवाशांच्या घरी जायची, नकाशा पसरायची, पोहे खायची आणि नावांचं आख्यान लावायची. साहूजी कौतुकाने म्हणायचे, "दीदी टिकट नहीं बेचतीं, कथा बाँचती हैं." मी हवेत.

अशीच मी एका थंडीत नगऱ्यात, म्हणजे झाशीतल्याच एका वस्तीत, मसीहजींच्या घरी गेले. मसीहजी रेल्वेत गार्ड होते, निवृत्त होऊन बारा वर्षं झालेली. ताठ माणूस, अजूनही घड्याळ बघून चहा पिणारा. पत्नी रूथजी शांत, थोड्या आजारी. त्यांच्या चर्चमधले पंधराजण मिळून तुर्कस्तानला निघाले होते. बायबलातली सात चर्चं, आणि वाटेत अंताकिया. हे अंताकिया देशाच्या मधल्या डोंगराळ भागातलं, जिथे पौलाने प्रवचन केलं ते. सहलीच्या कागदावर मीच ते लिहिलं होतं, आता कंसात जिल्हासुद्धा लिहायला शिकले होते.

मसीहजींनी विचारलं, "दीदी, ये वही अन्ताकिया है न, जहाँ चेलों को पहली बार मसीही कहा गया?"

मी नुसतं 'होय' म्हणायला हवं होतं, किंवा 'नाही, पण हेही छान आहे' एवढं म्हणून पोहे खायला हवे होते. पण मला माझं आख्यान सुचलं. मी म्हटलं, "ना भैयाजी, ये तो छोटा वाला है. असली वाला नीचे है, सीरिया की सरहद पर. सेल्युकस ने अपने पिताजी के नाम पर खुद बसाया था. बाकी सब उसके बाद की नकलें."

नकलें! सोळा शहरं, त्यांतली माणसं, आणि मी झाशीतल्या बैठकीत बसून एकाला असली ठरवलं, पंधरांना नकली.

मसीहजींचा चहाचा कप तसाच राहिला. "तो फिर हम असली देखेंगे. नकल देखने इतनी दूर थोडे जाएँगे."

"इनकी जिद है, दीदी," रूथजी म्हणाल्या, "मेरे घुटने देखो और इनकी जिद देखो."

मुलगी अंजू, एका दवाखान्यात नर्स आहे, ती दारात उभी राहून ऐकत होती. तिने विचारलं, "आंटी, अकेले जाना पडेगा इन दोनों को? सेफ है?"

मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "मेरा आदमी खडा रहेगा वहाँ."

गट परत निघाला की त्या दोघांनी मागे राहायचं, इस्तंबूलहून विमानाने अदानाला जायचं, तिथून युसुफने पाठवलेल्या गाडीने अंताकिया, दोन रात्रींचा मुक्काम. मी सगळं चोख बांधलं. त्यांच्या विमानाचा रविवार आला. तिकडे बर्फ पडत होतं. दुपारी कळलं की विमान सुटलेलंच नाही, रखडलं आहे. ते रात्री उशिरा पोचणार.

मी युसुफला फोन केला. रविवार हा त्याच्या सुट्टीचा दिवस. शनिवारी काम संपलं की तो डोंगरातल्या गावी आईकडे जायचा आणि सोमवारी यायचा. त्या दिवशी तो मी सांगितलं म्हणून थांबला होता, दुपारी दोघांना हॉटेलात बसवून गावी निघणार होता. तो म्हणाला, "आबला, ते आता रात्री येतील. बर्फ वाढतंय, मग माझा रस्ता बंद होईल. काउंटरवर दुसरा मुलगा आहे, चांगला आहे. मी आता आईकडे जाऊ का?"

मी नाही म्हटलं. चिडून नाही, गोड आवाजात. "भैया, म्हातारी माणसं आहेत. तू थांब. तुला माहीत आहे ना माझा नियम."

तो हसला. "तमाम, आबला." तमाम म्हणजे बरं. मग त्याने आईला फोन करतो म्हणून माझा फोन ठेवला. मी निर्धास्त झाले. गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा घड्याळाकडे न बघता जेवले आणि झोपले.

सोमवारी सकाळी मी चहाचं आधण ठेवलं होतं. बाहेरच्या खोलीतून ह्यांनी हाक मारली. "अगं, इकडे ये जरा. तुर्कस्तानात तुझं कोणी आहे का आत्ता?" त्यांच्या आवाजावरूनच मी आधण तसंच टाकून बाहेर आले. टीव्हीवर धूळ दिसत होती, आणि धुळीत कललेल्या इमारती. भूकंप तिकडे पहाटे झाला होता, सगळे झोपेत असताना. खालून नावं सरकत होती. मला त्यातली सगळी नावं ओळखता येत होती. अदाना आलं. मग अंताकियाच्या जिल्ह्याचं नाव आलं, आणि ते परत परत येत राहिलं.

मी गॅस बंद केला की नाही आठवत नाही. ऑटोने सदर बाजारला गेले. जिना चढताना चप्पल सुटली ती तशीच टाकली. मसीहजींचा फोन बंद. रूथजींचा बंद. हॉटेलचा नंबर लागायचाच नाही. युसुफचा एकदा वाजल्यासारखा झाला आणि मग बंद. मी त्याला निरोप लिहिले. ते दोघे तुझ्याजवळ आहेत का? भैया, ते कुठे आहेत? बाहेर काढलंस का त्यांना? ते बरे आहेत एवढंच सांग. एकामागून एक. प्रत्येक निरोपासमोर एकच टिक, म्हणजे गेला पण पोचला नाही.

तासाभरात अंजू आली. दवाखान्याचे कपडे तसेच. माझ्यासमोर खुर्चीत बसली. रडली नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली. तिने हातातला कागद टेबलावर ठेवला, तो गटाच्या सहलीचा मूळ कागद होता. त्यावर अंताकिया आणि कंसात तो डोंगरातला जिल्हा. म्हणाली, "आंटी, मैंने फोन पर नक्शा देखा. ये जगह तो भूकंप से बहुत दूर है. है न? मम्मी-पापा यहीं हैं न?"

दोघांचा वेगळा कागद वडिलांजवळ होता. तिने तो पाहिला नव्हता. नगऱ्यातल्या बैठकीत जे ठरलं, ते तिने भीतीने मनातून पुसून टाकलं असावं.

मला लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मी म्हटलं, "अन्ताकिया दो हैं, बेटा. पता करती हूँ." एवढंच. खोटं एक अक्षर नाही. पण मला माहीत होतं, आणि मी तिला त्या दूरच्या अंताकियाला धरून बसू दिलं. तिने डोळे मिटून प्रार्थना सुरू केली, आणि मी तिच्यासमोर बसून नंबर फिरवत राहिले. मला तिची भीती वाटत होती. ती मला विचारेल, असली कोणी म्हटलं होतं? ती म्हणेल, तुमचा माणूस उभा राहणार होता ना? अर्धा तास मी अशी बसले. मग नाही बसवलं. मी उठून तिच्याशेजारी गेले आणि सांगितलं. ते मधल्या अंताकियात नाहीत. मी सांगितल्यावरून खालच्या अंताकियात गेले. तिथेच भूकंप झाला आहे.

तिने माझ्याकडे बघितलं आणि फक्त विचारलं, "आपको पता था?"

"हाँ."

ती माझ्यापासून उठून खिडकीजवळ जाऊन उभी राहिली. साहूजी आले, चहा आला, कोणी घेतला नाही. माझ्या डोक्यात एकच चालू होतं: हे दोघे गेले तर मी नगऱ्यात कोणत्या तोंडाने जाऊ? देवाला काय काय कबूल केलं ते माझं मला ठाऊक. दोन वाजले, अडीच वाजले. फोन वाजला की मी दचकायची, कारण प्रत्येक वेळी वाटायचं, आता कोणी परकं माणूस बोलेल.

तीनच्या सुमारास परका नंबर आला. अंजूने उचलला. काही क्षण ऐकत राहिली, आणि मग पहिल्यांदा रडली. "पापा," म्हणाली, "पापा, पापा," आणि फोन माझ्या हातात दिला.

मसीहजींचा आवाज थंडीने कापत होता. "दीदी, हम पहुँचे ही नहीं. अदाना में उतरे तो रूथ को उलटियाँ होने लगीं, मैंने कहा यहीं रुक जाते हैं. ड्राइवर ने आपके आदमी को खबर कर दी थी कि सुबह आएँगे. आपको रात में क्या जगाता. यहाँ भी बहुत हिला, दीदी. सडक पर बैठे हैं. दोनों ठीक हैं."

माझ्या जिवात जीव आला म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मी तिथेच खाली बसले. साहूजींनी खालून पेढे मागवले, औषधाच्या दुकानातल्यांना वाटले. अंजूने माझा हात धरला, जाताना पाया पडली. मी घरी आले, अंघोळ केली, वरणभात जेवले. ह्यांनी विचारलं, "आता झोपशील ना?" मी झोपले.

चार दिवसांनी ते दोघे परत आले. मी हार घेऊन स्टेशनवर गेले. गर्दी, रडणं, फोटो. मसीहजींनी माझा नमस्कार घेतला आणि पहिलं वाक्य बोलले ते असं, "दीदी, यूसुफ का क्या हुआ? वो हमारे लिए बैठा था न?"

मी हार हातात धरून उभी राहिले. सोमवारपासून त्या घडीपर्यंत मी युसुफचं काय झालं असेल हे एकदाही कोणाला विचारलं नव्हतं. त्याला मी त्या सकाळी किती फोन केले ते मोजवत नाही, पण सगळे ते दोघे कुठे आहेत हे विचारायला. पेढे वाटले तेव्हा तो आठवला नाही. अंजूच्या आईवडिलांसाठी देवाला जे जे कबूल केलं, त्यात त्याचं नाव नव्हतं. प्लॅटफॉर्मवरच फोन उघडला. माझे सगळे निरोप तसेच होते, प्रत्येकासमोर एक टिक.

त्याच्या धाकट्या भावाचा पत्ता लागायला तीन आठवडे गेले. त्या अदानाच्या ड्रायव्हरने नंबर शोधून दिला. हॉटेल सगळं खाली आलं होतं. ड्रायव्हरचा निरोप मिळाला तेव्हा गावचा रस्ता बर्फाने बंद झालेला. सकाळी पाहुणे येतील तेव्हा समोर असावं म्हणून युसुफ तिथेच, काउंटरमागच्या खोलीत आडवा झाला होता. तो त्या हॉटेलाखालीच गेला. डोंगरातल्या गावी त्यांचं बैठं घर आहे. त्याला एक तडा गेला, बाकी उभं आहे. आई त्याच घरात होती.

भावाने मला एकच प्रश्न लिहिला. आई रोज विचारते, रविवारी तो घरी का आला नाही?

उत्तर द्यायला पळवाटा खूप होत्या. बर्फ होतं, काम होतं, नशीब होतं. मी लिहिलं, मी थांबवलं. माझे दोन म्हातारे प्रवासी यायचे होते. तो येतो म्हणत होता, मी नको म्हटलं. लिहून पाठवलं आणि फोन उशीखाली सरकवला, जणू तो मला चावणार होता. आठवडा गेला, उत्तर नाही. मला वाटलं, ते आता कधी बोलणार नाहीत, आणि तेच बरोबर आहे. तरी फोन वाजला की आधी नंबर तिकडचा आहे का ते बघायची. इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी घाबरत होते, आता पहिल्यांदा स्वतःसाठी घाबरत होते.

मग एका सकाळी भावाचा निरोप आला. दोनच ओळी. आईला तुमचं लिहिलेलं वाचून दाखवलं. ती विचारते आहे, ते दोघे म्हातारे वाचले का?

मला एका शब्दाचं उत्तर लिहायचं होतं. ते लिहायला चार दिवस लागले.